ढकलून सुरू होणारी गाडी

यंदा टिटवाळ्याच्या पुढची भातं कापायला आली आणि मला राग आला. भाताचा त्यात काही दोष नाही. गेली सतरा-अठरा वर्षं याच दिवसांत माझी छाती भरून यायची. डोंबिवलीहून स्कूटर काढायची, कल्याण मागे टाकायचं, नव्या इमारतींचे निळे पत्रे संपून पहिलं कापलेलं शेत आलं की हेल्मेटची काच वर करायची. अर्धवट सुकलेल्या पेंढ्याचा वास, त्यात कुठेतरी बांधावर पेटवलेल्या पालापाचोळ्याचा धूर, आणि गालाला लागणारा गार वारा. तो वास नाकात गेला की समजायचं, आपला हंगाम आला. यंदाही तोच वास आला, आणि मी काच खाली ओढून घेतली.

त्याआधी दोन दिवस काय झालं ते सांगते. सकाळी ओट्याशी उभी राहून चहा घेत होते आणि आमच्या मंडळाच्या ग्रुपवर पाठोपाठ दोन मेसेज पडले. पहिल्यात यंदाच्या स्पर्धेचे गट होते. छोट्या गाड्या, मोठ्या गाड्या, महिला, नवशिके, आणि खुला गट. जुन्या कार्टचा, म्हणजे बुटक्या, उघड्या रेसगाड्यांचा गट त्यात नव्हता. मी वर-खाली करून पुन्हा वाचलं. नव्हताच. दुसरा मेसेज चार मिनिटांनी आला, त्याच माणसाचा, आमच्या अध्यक्षाचा. ‘रविवारी सकाळी सात वाजता मैदान झाडणे. कार्टवाल्यांनी नेहमीप्रमाणे खराटे घेऊन वेळेवर यावे.’ खाली जोडलेले हात.

म्हणजे गाडी नको, खराटा पाहिजे. चहावर साय धरली तरी मी तशीच उभी होते.

ऑटोक्रॉस हा शब्द कोणी ऐकला नसेल तर त्यात शरमण्यासारखं काही नाही, माझ्या कॉलेजातल्या निम्म्या प्राध्यापकांना तो अजून कळलेला नाही. मोठं मोकळं मैदान घ्यायचं. रस्त्याचं काम चालू असताना ठेवतात ते केशरी कोन मांडून त्यात एक नागमोडी वाट करायची. एका वेळी एकच गाडी सोडायची. तिने ती वाट जितक्या लवकर होईल तितक्या लवकर पार करायची. स्पर्धा घड्याळाशी, कोन पाडला तर दोन सेकंद जास्तीचे. बक्षीस म्हणजे एक कप आणि वडापाव. हौशी लोकांचा खेळ. मी डोंबिवलीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. रविवारी मी या खेळाची वेळ मोजते, आणि मंडळाची सचिव म्हणून वहीसुद्धा माझ्याकडेच असते.

आमचं मैदान टिटवाळ्याहून खडवलीकडे जाताना लागतं. पाटलांची जमीन. तिच्यावर एकेकाळी कपडे रंगवायची कंपनी होती. कंपनी गेली, पत्रे गेले, यंत्रं गेली, आणि मागे उरलं ते लांबरुंद काँक्रीट. एवढी सपाट जागा मिळाल्यावर पाटलांनी जे केलं ते कुठल्याही शेतकऱ्याने केलं असतं. त्यांनी तिथे भात वाळवायला घातलं. दिवाळीनंतर ते अख्खं मैदान सोनेरी दिसतं. ते भात उचललं जात नाही तोवर आमचा हंगाम सुरू होत नाही, आणि उचललं तरी दाणे उरतातच. फटीत, खाचेत, इथे मूठभर, तिथे पसाभर. दाणा टायरखाली आला की गाडी सरकते. म्हणून हंगामातलं पहिलं काम मैदान झाडायचं.

पहिल्या वर्षी हे आम्हाला पाटलांच्या जनाकाकूंनी शिकवलं. तेव्हा त्या साठीच्या असतील, कमरेला पदर खोचून मैदानाच्या तोंडाशी उभ्या. आम्ही वीसेक जण, गाड्यांची इंजिनं चालू.

“आधी ती घरघर बंद करा,” त्या म्हणाल्या. “दाना झाडल्याबिगर एक बी गाडी आत येनार नाय. झाडलेला दाना मना द्याचा, माझ्या कोंबड्यांना. आनी जो झाडील तो पयला पलवील.”

भिंतीला सात खराटे टेकवून ठेवलेले होते. मला तो क्षण नीट आठवतो, कारण मी पुढे झाले नाही. आमची आजी कल्याणात रस्ते झाडायची. आईने विहारातल्या बायकांसमोर एकदा सांगितलं होतं, माझ्या पोरांच्या हातात खराटा दिसला तर मी मेले समजा. दादाच्या हातात पाना आला, माझ्या हातात परीक्षानळी आली, आणि खराटा आमच्या घरात दाराआड गेला. त्यामुळे मी उभी राहिले आणि पाहिलं, आधी कोण उचलतंय.

आधी ठाण्याच्या एका दातांच्या डॉक्टरांनी उचलला. मंडळ त्यांनीच सुरू केलेलं. त्यांनी डोक्याला रुमाल बांधला आणि मोठ्या उत्साहाने वाऱ्याच्या तोंडावरच झाडायला लागले. सगळा भुसा त्यांच्या मिशीत.

“डाक्टर, वाऱ्याला पाठ द्या!” जनाकाकू ओरडल्या. “दात कसं काय काडतंस रं तू?”

सगळं मैदान हसलं, डॉक्टरही हसले आणि उलटे फिरले. दुसरा खराटा दादाने घेतला. मग बँकेतले एक साहेब, मग एक वकीलबाई, मग मी. खराटे संपले तेव्हा लोकांनी रुमालाने, फायलींच्या पुठ्ठ्याने दाणे ओढले. ऊन वर येत होतं, काँक्रीट तापत होतं, घामावर भुसा चिकटून मान चावत होती. मी वाकल्या वाकल्या सारखी मान वर करून पाहत होते की कोण नुसतं उभं आहे. कोणीच नुसतं उभं नव्हतं. एका खराट्याची मला एवढी वर्षं लाज वाटत होती आणि त्या सकाळी ती गेली. मला त्या मैदानाचं वेड लागलं ते तेव्हाच, गाड्या सुरू व्हायच्याही आधी.

कार्टची गोष्ट आता सांगायला हवी. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ प्रकाश. खोपटच्या एस.टी. डेपोत मेकॅनिक होता, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. उभा जन्म त्याने दुसऱ्यांच्या गाड्या चालत्या केल्या. पहाटेची पहिली गाडी वेळेवर सुटली की तो घरी येऊन झोपायचा. स्वतःची म्हणून त्याच्याकडे एक सायकल होती. ठाण्यात एक कार्टचा ट्रॅक बंद पडला तेव्हा भंगाराच्या ढिगात त्याला ती दिसली. रेसची जुनी कार्ट, चार नळ्यांचा सांगाडा, एक बसकं आसन आणि जाम झालेलं इंजिन. आठ महिने कल्याणच्या चाळीच्या पॅसेजमध्ये ती उघडी पडून होती. शेजारी पाय उंच करून तिच्यावरून जायचे. आई रॉकेलने हात धुणाऱ्या दादाकडे बघून म्हणायची, “डेपोतून सुटलास की इथे डेपो.” पण भाकरी त्याच्या तोंडात तीच भरवायची, कारण त्याचे हात काळे असायचे.

या जुन्या कार्टना बटण नसतं. क्लच नसतो. मागच्या चाकांच्या आसाला साखळी, साखळीला इंजिन, मधे काही नाही. चाक फिरलं तर इंजिन फिरणार. म्हणून ती ढकलून सुरू करायची. ढकलायची म्हणजे कशी, तर मागचा दांडा दोन्ही हातांनी धरून मागची चाकं जमिनीवरून उचलायची, आणि तशीच उचललेली गाडी घेऊन पळायचं. दहा-बारा पावलं. चालवणारा हात वर करतो. तिथे सोडायची. चाकं जमिनीला लागतात, इंजिन एकदा खोकतं, दुसऱ्यांदा खोकतं आणि मग किंचाळतं. तोंडावर धुराचा लोट, पेट्रोलमध्ये घातलेल्या एरंडेलाचा जळका, गोडसर वास, आणि गाडी गेलेली.

पहिल्या हंगामात दादाला मी ढकललं. एकतीस वर्षांची होते, दोन मुलींची आई. सलवार गुडघ्यापर्यंत वर केलेली, ओढणी कमरेला. पहिल्या दोन वेळा मी हात वर व्हायच्या आधीच दम लागून सोडली. तिसऱ्यांदा बरोबर सोडली, आणि सायलेन्सरवर मनगट टेकवून घेतलं. तो डाग अजून आहे. डॉक्टरांनी घड्याळ दाबलं. दादा शेवटच्या कोनाला वळसा घालून परत आला तेव्हा हेल्मेट काढून रडत होता. धुराने, असं तो म्हणतो. त्या वर्षी चार जुन्या कार्ट होत्या, त्यांचा वेगळा गट होता. दादा चारांत तिसरा आला आणि त्याला एक छोटा कप मिळाला. तो कप आईने मरेपर्यंत पुसला.

आणि आता म्हणे तो गटच नको.

मी त्याच सकाळी रोहनला फोन केला. रोहन सध्या मंडळाचा अध्यक्ष. पस्तिशीचा, घोडबंदर रोडला राहतो, पांढरी चकचकीत गाडी फार छान चालवतो, हे मी रागात असले तरी कबूल करते.

“ताई, प्लीज पर्सनली घेऊ नका ना,” तो म्हणाला. “सेफ्टीचा इश्यू आहे. कार्टला बेल्ट नाही, वर काही नाही. उद्या कोणाला लागलं तर आपण सगळे अडकू. आणि टाइम किती जातो! एक सुरू करायची म्हणजे दोन माणसं पळणार, नाही लागली की परत. लोक कंटाळतात. आणि मी कुठे बंद केलंय? खुल्या गटात कार्ट चालते ना.”

बरं, आपण रागात असलो तरी दुसऱ्याचं ऐकून घ्यावं म्हणतात. मी घेतलं. बेल्ट नाही हे खरं. बसक्या कार्टला कोन छातीशी येतो, तोही धोका खरा. म्हणून तर आम्ही कार्टचा तास शेवटी ठेवत होतो, वाट रुंद करत होतो, भिंतीकडचे कोन आत घेत होतो. कार आणि कार्ट कधी एका वेळी सोडली नाही. इतक्या वर्षांत माझं मनगट सोडून कुणाचं काही भाजलेलं नाही. वेळ जातो हेही खरं. पण गेल्या हंगामात त्याच्या मित्रांनी गाड्यांचे फोटो काढायला मैदान अडवून धरलं होतं, तेव्हा माझ्या घड्याळाला कोणी विचारलं नव्हतं की बाई तू कंटाळलीस का.

आणि खुला गट! खुल्या गटात नव्या कार्ट येतात. बटण दाबलं की सुरू, गिअर, नवे टायर, सुटे भाग खोक्यातून येतात. त्यांच्याशेजारी दादाच्या गाडीची वेळ लिहायची म्हणजे एकसष्ट वर्षांच्या माणसाला कॉलेजच्या पोरांच्या शर्यतीत पळायला लावायचं आणि वर म्हणायचं, दार उघडंच आहे की. जुन्याची बरोबरी जुन्याशी. दादाला कप नको आहे. त्याला हवी आहेत ती तीन-चार माणसं, ज्यांना साखळीचा आवाज ऐकून कळतं की ती किती ढिली आहे, आणि फळ्यावर त्यांच्या नावांखाली आपलं नाव. निवृत्त झाल्यापासून तो वर्षभर ज्याची वाट बघतो असं एवढं एकच आहे. गट गेला तर ती माणसं येणार नाहीत, आणि ती आली नाहीत तर ही गाडी जिथून आली त्या ढिगात परत जाईल. दादाचं काय होईल ते मला बोलवत नाही.

हे सगळं मी रोहनला फोनवर जवळजवळ ओरडून सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. शांत माणसांचा मला असा राग येतो!

मग तो म्हणाला, “ताई, पण ढकलून लागणारी गाडी तशीही चालत नाही, आणि हा रूल मी नाही बनवला. तुमच्याच वहीत आहे. बघा ना.”

मी वही काढली. पाच वर्षांपूर्वीचं पान. माझंच अक्षर, त्यातही रागात असताना येतं तसं, काने वर घुसलेले. ‘जे वाहन दुसऱ्याच्या मदतीशिवाय सुरू होत नाही, ते फेरीस घेतले जाणार नाही.’

तो दिवस मला लगेच आठवला. एका गृहस्थांनी बॅटरी मेलेली मोटार आणली होती. आठ जणांनी ती तीनदा ढकलली, तीनदा ती मैदानाच्या मध्यावर बसली आणि अर्धी सकाळ वाया गेली. मी इतकी तापले होते की तिथेच बॉनेटवर वही टेकवून तो नियम लिहिला आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. दादानेही सही केली. दुसऱ्या कार्टवाल्यांनीही केली. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की हा नियम आपल्यालाही लागू होतो. कारण ढकलणं म्हणजे मदत, हे आम्हाला कधी वाटलंच नव्हतं. ते चालवण्यातलंच एक काम होतं. किल्ली फिरवावी तसं आम्ही एकमेकांना ढकलायचो. बाहेरून बघणाऱ्याला त्यात मदत दिसली, आणि त्याने ती नियमात बसवून आम्हाला बाहेर काढलं. वाक्य माझं होतं, सही भावाची होती. स्वतःच्या रागाने स्वतःच्याच माणसाचा पाय कापल्यावर ओरडायचं तरी कोणावर?

तरी मी ओरडले, दादावर.

संध्याकाळी कल्याणला त्याच्या घरी गेले तर तो खाली पार्किंगमध्ये कार्टच्या साखळीला तेल देत होता. चाळ पडून आता तिथे इमारत झाली आहे. सोसायटीने त्याला जिन्याखालचा कोपरा दिलाय. शेजारी दांडा नीट बांधलेला खराटा उभा होता.

“मेसेज बघितलास?” मी विचारलं.

“बघितला ना.”

“आणि तू झाडायला जाणारेस?”

“जाणार.” त्याने मान वर केली नाही.

“दादा, अरे लाज वाटू दे! गाडी काढून टाकली तुझी. डॉक्टर सोडून गेले, बँकवाले गेले, आता जे आलेत त्यांना खराटा कुठल्या बाजूने धरतात ते माहीत नाही. चार-पाच वर्षं झाली, मैदान फक्त कार्टवाले झाडतात. तुझ्या लक्षात आलं नाही? आणि आता गाडी नको, पण झाडायला या! आजीचं काय झालं आयुष्यभर? रस्ता तिने झाडायचा, चालायचं दुसऱ्यांनी. आई काय म्हणायची?”

“आवाज कमी कर, लोक बघतायत.”

“बघू देत!”

“संगीता,” तो म्हणाला, “भात उचलल्यावर मैदान झाडायचं असतं. तेवढं मला माहितीये. बाकी तुझ्या वहीचं तू बघ.”

मी न जेवता निघाले. वहिनी जिन्यात डबा घेऊन आली, तोही घेतला नाही. स्कूटरवर सबंध रस्ताभर मी मोठमोठ्याने भांडत होते, हेल्मेटमध्ये. पत्री पुलावर शेजारच्या रिक्षावाल्याने वळून पाहिलं.

रविवारी जायचं नाही असं मी ठरवलं होतं. सकाळी साडेसहाला उठून ठरवलं, सात वाजता पुन्हा ठरवलं, आणि सव्वासातला वही पिशवीत टाकून निघाले. त्याला हाताला धरून परत आणायचं, एवढंच डोक्यात होतं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेली भातं आडवी पडली होती. बगळे खुंटांमधून पाय उचलत चालले होते. पहिल्या हंगामात हे बघून मी दादाला टेंपोतून खुणेने दाखवलं होतं, आम्ही दोघं मागे कार्ट धरून बसलो होतो. त्या आठवणीचासुद्धा मला राग आला.

मैदानाच्या तोंडाशी सात-आठ गाड्या ओळीने उभ्या. रोहन आणि त्याची मंडळी बॉनेटला टेकून थर्मासमधली कॉफी पीत होती. कोणी फोटो काढत होतं. भिंतीला खराटे टेकलेले, कोणी हात न लावलेले. दुसरे कार्टवाले आलेच नव्हते. आणि पार मध्यावर, त्या सोनेरी पसाऱ्यात, एकटा दादा. कंबर वाकलेली, वाऱ्याला पाठ, खराटा सपसप चाललेला. एका कडेला पालथ्या क्रेटवर जनाकाकू, आता ऐंशीच्या घरात, मांडीवर रिकामं सूप.

“गुड मॉर्निंग, ताई,” रोहन म्हणाला.

मी तरातरा दादापाशी गेले. दाणे चपलेखाली सरकत होते. “ठेव तो खराटा खाली.”

“थांब,” तो म्हणाला. “शेवटचं वळण राहिलंय.”

“कसलं वळण?”

त्याने खराट्याचा दांडा लांब फिरवून दाखवला. आणि मग मला दिसलं. फाटकातून ते दिसत नव्हतं, तिथून सगळं सारखंच पिवळं वाटत होतं. दादाने मैदान झाडलेलं नव्हतं. त्याने एक वाट झाडली होती. करड्या काँक्रीटची स्वच्छ पट्टी, कार्टच्या रुंदीहून हातभर जास्त, सरळ जाऊन जुन्या दिव्याच्या खांबाला वळसा घालणारी, मग उजवीकडे, मग नागमोडी, मग परत. एक दाणा नव्हता तिच्यावर. बाकीचं अख्खं मैदान जसंच्या तसं. कारने त्या वाटेवर यायचं ठरवलं असतं तर पहिल्याच वळणाला मागचं चाक दाण्यांत गेलं असतं. ही वाट मी ओळखत होते. ती आमच्या पहिल्या हंगामाची होती.

माझा माझ्या भावावरचा राग तिथेच, त्या पट्टीवर उभी असताना गेला. बाकीचा मात्र पुरेसा शिल्लक होता.

रोहन कॉफीचा कप घेऊन आत आला. “प्रकाशकाका, हे काय? पूर्ण ग्राउंड व्हायला किती वेळ लागेल? नऊला स्टार्ट आहे आपला.”

“मला लागतं तेवढं झालं,” दादा म्हणाला.

“म्हणजे?”

“म्हणजे मला लागतं तेवढं झालं.”

रोहनने माझ्याकडे पाहिलं. मी वही काढली आणि ते पान उघडलं. “हा नियम मी लिहिला,” मी म्हटलं. “मेलेल्या बॅटरीसाठी लिहिला होता. लिहिताना माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, ही माझी चूक. आता ऐका.” मी त्याच्यावर रेघ मारली आणि खाली लिहिलं, मोठ्याने म्हणत लिहिलं. ‘जुन्या रेसिंग कार्टचा गट वेगळा राहील. फेऱ्या शेवटच्या तासात. ढकलणारा हा चालवणाऱ्याइतकाच स्पर्धक समजावा.’ “करा सही.”

“असं कसं, ताई? मीटिंग लागेल, व्होटिंग लागेल. प्रोसिजर असते ना.”

“घ्या ना मतं, आत्ता घ्या. भिंतीला खराटे आहेत. जो झाडेल त्याचं मत. या मैदानावर पहिल्यापासून तसंच होतं.”

फोटो काढणारा थांबला. मग क्रेटवरून आवाज आला.

“अवो साहेब, माझा दाना कोन झाडतंय?” जनाकाकूंनी सूप हलवलं. “कोंबड्या वाट बगतात. यो एकटा म्हातारा किती झाडील? दाना नाय झाडलाव, त गाड्या घरी न्या.”

पुढचं मी पाहत बसले नाही. टेंपोतून आणलेली कार्ट झाडलेल्या वाटेच्या तोंडाशी होती, आणि दादा हेल्मेट घालून तिच्या आसनात उतरला होता. मी ओढणी कमरेला बांधली, पिशवी जनाकाकूंच्या पायाशी ठेवली, आणि दांडा धरला. एकोणपन्नासाव्या वर्षी ती कार्ट एकतिसाव्यापेक्षा फार जड असते. उचलली. पाठीत कळ आली. पळाले. चार पावलं, पाच, सात, डोळ्यांपुढे काजवे, नऊ, आणि दादाचा हात वर. सोडली. एकदा खोकली, आणि काही नाही. मला वाटलं झालं. मग दुसऱ्यांदा खोकली आणि किंचाळली, आणि तोच धूर, तोच एरंडेलाचा वास, त्यात पेंढ्याचा. मी तिथेच काँक्रीटवर बसले आणि छाती फुटेस्तोवर खोकत राहिले.

दादा त्या पट्टीवरून गेला. खांबाला वळसा, उजवीकडे, नागमोडी. एकदाही चाक दाण्यात गेलं नाही. परत आला आणि इंजिन बंद झालं.

“किती लागला?” त्याने हेल्मेटमधून विचारलं.

“मोजलंच नाही. दोन्ही हात तुझ्या गाडीला होते.”

“मग परत?”

“परत. पण थांब जरा.”

कारण भिंतीपाशी हालचाल होत होती. पांढऱ्या बुटांतल्या एका मुलीने खराटा उचलला होता. तिच्या मागून दुसऱ्या एकाने. आणि रोहनने कॉफीचा कप बॉनेटवर ठेवला, इकडेतिकडे पाहिलं, आणि तिसरा उचलला. तो दोन पावलं आत आला आणि जोर लावून झाडायला लागला, वाऱ्याच्या बरोबर तोंडावर. भुसा उडून त्याच्या केसांत, शर्टात, मागच्या त्या चकचकीत गाडीवर.

दादाने सांगायला तोंड उघडलं. तो तसाच आहे.

“गप बस,” मी म्हटलं. “त्याचं त्याला कळू दे.”